रिकामे हात कुणाचे?

"ऐकलंस का सुमन, समोरची ऋतुजा सोमवारपासून कामावर जातीय."

माईंच्या पोटात बातमी राहत नाही. कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर त्यांनी परात ठेवली होती, परातीत भाजलेले शेंगदाणे होते आणि सालं आमच्या बाजूला उडत होती. चटणी मात्र त्यांच्या बाजूला होते, हा गेल्या कित्येक वर्षांचा शिरस्ता आहे.

"जातीय कुठं माई? घरातच बसून करणार आहे. कंपनी पुण्याची, लॅपटॉप सोलापुरात."

"मग चांगलंच की. बाळ डोळ्यासमोर राहील. मालूताई तर खूश असतील."

"खूश कसल्या! परवा भजनी मंडळात म्हणाल्या म्हणे, सात महिन्यांचं लेकरू टाकून सून पैशाच्या मागं लागलीय."

"टाकून म्हंजे कुठं टाकून?"

"खोलीचं दार लावून."

माईंनी दाण्यांवर फुंकर मारली. "आणि तो दीपक? तो पण घरातूनच करतोय ना? त्याचं दार तर लग्नाच्या आधीपासून लावलेलं असतंय. चहा पण आत जातोय."

"त्याला कोण म्हणतंय लेकरू टाकून बसला म्हणून?"

"त्याला काय म्हणायचं, पुरुषमाणूस," माई बोलून गेल्या आणि मग माझ्याकडे बघून हसल्या. "बघू नकोस अशी. तोंडातून आपोआप येतंय ते."

खरी गंमत पुढं आहे. पाळणाघर नको, असं मालूताईंनी ठणकावून सांगितलंय. बाई ठेवायची नाही, कारण आजकालच्या बायांचा काय भरवसा. बरं, स्वतः सांभाळायचं तर सकाळी योगासनं, दुपारी भिशी, संध्याकाळी भजन. शिवाय गुडघे. म्हणजे बाळाची आई घरात आहे, बाप घरात आहे, आजी अधूनमधून घरात आहे, आणि गेल्या आठवड्यात ऋतुजाने सवय म्हणून तासभर लॅपटॉप उघडला तर बाळ जे रडायला लागलं ते आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. शेवटी मीटिंगमधला कुणीतरी म्हणाला म्हणे, तुमच्याकडे सायरन वाजतोय का.

"आमच्या वेळी असलं काही नव्हतं," माई म्हणाल्या.

"माई, तुमच्या वेळी म्हणजे माझ्याच वेळी. मी ट्रंक एक्स्चेंजला रात्रपाळी करत होते तेव्हा माझा धाकटा तुमच्या मांडीवर असायचा. बाळंतपणाची रजा ९० दिवसांची. केंद्र सरकारनं पुढं ती १३५ केली आणि २००८ साली १८० केली. आम्ही सगळं करून सवरून निवृत्तीच्या वाटेला लागलो तेव्हा."

"हो की. तीन महिन्यांचा होता. मऊ भात मीच भरवलाय त्याला."

"आणि 'बाई रात्रीची बाहेर, पोरं वाया जाणार' हे कोण म्हणायचं?"

"मी? छे! ती कोपऱ्यावरची बँकवाल्याची बायको म्हणायची. मी नुसती मान हलवायची."

माझी पोरं वाया गेली नाहीत, हे माईंना मान्य आहे. पण त्याचं श्रेय त्या स्वतःच्या मऊ भाताला देतात, आणि मला वाद घालता येत नाही. लेकीनं मध्यंतरी फोनवर एक लेख पाठवला होता, तो मी माईंना त्याच कुंपणावर वाचून दाखवला. हार्वर्डच्या कॅथलीन मॅगिन म्हणून बाई आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ देशांतली माहिती चाळली. नोकरी करणाऱ्या आयांच्या मुली मोठेपणी स्वतः नोकरी करण्याची शक्यता जास्त, वरच्या हुद्द्यावर असण्याची शक्यता जास्त, पगारही बरा. मुलग्यांच्या पगारात काही फरक दिसला नाही, पण ते घरच्यांची देखभाल करण्यात जास्त वेळ घालवतात. आणि मोठेपणी सुखी आहात का विचारलं, तर आई घरी असलेली मुलं आणि आई नोकरीला असलेली मुलं, दोघं सारखीच.

माईंचा पहिला प्रश्न होता, "तुझा थोरला भांडी घासतो ते त्या बाईंना कुणी सांगितलं?"

"पण एकच बाजू नको सांगूस," त्या पुढं म्हणाल्या. "पाळणाघरातली पोरं हट्टी होतात, मारकुटी होतात. आमच्या नणंदेचा नातू बघ."

आता हेही खोटं म्हणता येत नाही. अमेरिकेत १९९१ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला, तेराशेवर मुलांचा, जन्मापासून पुढं कित्येक वर्षं. पहिल्या काही वर्षांत जी मुलं जास्त तास पाळणाघरात राहिली, त्यांच्यात दांडगाई थोडी जास्त दिसली. थोडी. पण जिथं सांभाळणारी माणसं चांगली होती, मुलांशी बोलत होती, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत होती, तिथल्या मुलांची भाषा आणि समज चांगली निघाली. आणि या सगळ्यापेक्षा घरचं वातावरण, आई मुलाशी कशी वागते, घरची परिस्थिती काय, याचं वजन जास्त ठरलं.

"म्हंजे मी म्हणत होते तेच," माई म्हणाल्या.

"तुम्ही नेमकं काय म्हणत होता?"

"हेच. थोडं हे, थोडं ते."

अशा माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. शेंगदाणे सोलावेत. मी चार सोलले.

तेवढ्यात फाटक वाजलं आणि लक्ष्मी आली. लक्ष्मी सकाळी आमच्या कॉलनीत तीन घरची धुणीभांडी करते आणि दुपारी घरी जाऊन विड्या वळते. राहते कुंभारीच्या विडी घरकुलात. गोदूताई परुळेकरांच्या नावाची ती वसाहत, दहा हजार घरांची, कामगार नेते आडम मास्तरांनी विडी कामगार बायकांसाठी लढून उभी केली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. लक्ष्मीला अजून आठवतं ते मुख्यतः ऊन.

"काय चाललंय माई?"

"समोरच्या सुनेचं. घरातच काम करणार आणि घरातच पोर सांभाळणार म्हणतीय."

लक्ष्मी पदर खोचता खोचता थांबली. "होत नाही ते," ती म्हणाली.

"का गं? तुझी आई तर करायचीच की. जन्मभर घरात बसून विड्या वळल्या तिनं, पाच पोरं वाढवली."

"अम्मानं कुठं वाढवली?"

माईंचा हात परातीत थांबला. लक्ष्मी पायरीवर टेकली. सांगायला लागली की ती लवकर उठत नाही, आणि त्या दिवशी आमच्याकडची भांडी अकराला घासली गेली. पण ऐकण्यासारखं होतं.

सोलापूरच्या पूर्व भागातली एक खोली. कारखान्यातून पान, तंबाखू, दोरा आणायचा. पान रात्री भिजवून ठेवायचं, सकाळी पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायचं. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि बोटं चालू. दिवसाला हजार विड्या झाल्या पाहिजेत. दुसऱ्या दिवशी कारखान्यात तपासणारा एकेक बंडल बघणार, पसंत नसलेल्या बाजूला काढणार, आणि बाजूला काढलेल्या विडीची मजुरी नाही. त्यामुळं नुसतं भराभर करून चालत नाही, नजर सुपावरून हलवता येत नाही. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली. बाळ रडलं की अंगठा हलतो. डोकं वर होत नाही.

"अम्मा दिवसभर समोर होती ताई. हातभर अंतरावर. पण तिच्या मांडीवर जागाच नव्हती, सूप होतं ना. आणि बाळानं जवळ यायचं तर तंबाखूचा खकाणा. माझा भाऊ सारखा खोकायचा."

"मग कोण बघायचं तुम्हाला?"

"अक्का."

अक्का म्हणजे थोरली बहीण. लक्ष्मीपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. चौथीत होती तेव्हा लक्ष्मीचा जन्म झाला आणि अक्काची शाळा सुटली. कुणी काढलं नाही तिला शाळेतून, असं लक्ष्मी म्हणते. आज जाऊ नको, बाळाला ताप आहे. उद्या जाऊ नको, विड्या द्यायच्या आहेत. असं करता करता मास्तरांनीच पटावरून नाव कमी केलं. लक्ष्मीनंतर आणखी दोन झाली. अक्काच्या कडेवर कुणी ना कुणी असायचंच. आणि कडेवरचं झोपलं की तिनं बसून विड्यांची तोंडं मुडपायची, कारण लहान बोटांना ते चांगलं जमतं.

"मी दहावी झाले," लक्ष्मी म्हणाली. "भाऊ आयटीआय झाला. सगळे म्हणतात अम्मानं पोरांना शिकवलं. अक्कानं मला कडेवर घेतलं म्हणून अम्माच्या हजार विड्या झाल्या, आणि हजार झाल्या म्हणून माझी फी भरली. अक्काला अजून सही करायला पेन नीट धरता येत नाही."

माई गप्प. हे क्वचितच घडतं, म्हणून नोंदवून ठेवते.

मला या सगळ्या चर्चेचा राग येतो तो इथं. आईनं नोकरी करावी का, मुलांवर काय परिणाम होतो, यावर दिवाळी अंकांत परिसंवाद झाले, महिला मंडळांत वक्तृत्व स्पर्धा झाल्या. मी स्वतः एकीत बोलले आहे आणि उत्तेजनार्थ स्टीलचा डबा घेतला आहे. त्या परिसंवादातली आई नेहमी पर्स घेऊन ऑफिसला निघालेली असते. विडीवाली, भाजीवाली, ऊसतोडीला गेलेली यांना कुणी विचारलंच नाही, बाई तुझ्या नोकरीनं मुलांवर काय परिणाम झाला. ऊसतोडीला तर मुकादम जोडप्यालाच उचल देतो, त्या जोडप्याला म्हणतात 'कोयता'. अर्धा कोयता म्हणजे आई. लेकरू फडातल्या पाचटावर, आणि त्याच्याजवळ थोरली बहीण. मुलाजवळ कुणाचे तरी हात रिकामे लागतात, एवढी साधी मागणी आहे. ते हात आईचेच असले पाहिजेत असं बाळाचं काही म्हणणं नसतं. पण ते हात आठ-नऊ वर्षांच्या पोरीचे असले, तर एका मुलाचं भलं दुसऱ्या मुलाच्या पाटीवरून पुसून घेतलेलं असतं.

"सासूबाई सांगायच्या," माई हळूच म्हणाल्या, "गिरणीतल्या बायका लेकराला अफू चाटवून जायच्या. झोपून राहायचं ते भोंगा होईपर्यंत."

ती मुंबईच्या गिरण्यांची गोष्ट तर सरकारदरबारी नोंदलेली आहे. अफूच्या त्या गोळीला बाळगोळी म्हणत. १९२० च्या दशकात गिरणीतल्या बायकांची पाहणी झाली तेव्हा तिथल्या बाळांना सर्रास अफू दिली जाते, हे पुढं आलं. ती देणारी आई दुष्ट नव्हती. तिच्याकडे थोरली मुलगी नव्हती, किंवा असली तर तीही गिरणीत होती.

"म्हणून तर कायदे झाले माई. १९२९ चा मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा, देशातला तसला पहिला. त्याच्या आदल्या वर्षी बाबासाहेब आंबेडकर विधिमंडळात त्या विधेयकाच्या बाजूनं बोलले. म्हणाले, आईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा मोठा वाटा सरकारनंच उचलायला हवा."

"मग उचलला का?"

"कुठं! अजून पगाराचा बोजा मुख्यतः मालकावरच आहे. २०१७ ला रजा २६ आठवड्यांची झाली, छान झालं. पण आता तरुण मुलगी मुलाखतीला गेली की साहेब आडून आडून विचारतो, लग्न झालंय का, पुढचं काही ठरलंय का."

"आणि पाळणाघर?"

"पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मालकानं पाळणाघर द्यायचं, आईला दिवसातून चारदा तिथं जाता आलं पाहिजे. कायद्यात आहे. विडी कामगारांच्या १९६६ च्या कायद्यातही कारखान्याला पाळणाघर सांगितलं होतं."

लक्ष्मी हसली. "कारखान्यात बसतंय कोण? कारखान्यानं काम घरी पाठवलं, पाळणाघर तिकडंच ठेवलं."

"तुमच्या घरात कामगार किती होते गं?" माईंनी विचारलं.

"पगार एकीचा. हात आठ."

ऋतुजाचं तेच झालंय, फक्त लॅपटॉप आहे आणि खोलीला एसी आहे. तिची कंपनी मोठी आहे, पुण्याच्या इमारतीत खाली रंगीत भिंतींचं पाळणाघर आहे असं तीच सांगत होती. घरून काम करायची सवलत मागितली, लगेच मिळाली. सवलत घेतली आणि पाळणाघर सुटलं. त्यात ऋतुजाला मोठी मुलगी नाही, आणि असती तरी मालूताईंनी तिला इंटरनॅशनल शाळेत घातली असती. तेव्हा ते दुसरे हात येणार कुठून, हा प्रश्न आहे.

"बापाकडून," मी म्हणाले.

माईंनी मागं वळून बघितलं. व्हरांड्यात अण्णा पेपर वाचत होते.

"सरकारनं २०२४ साली मोजलंय माई. देशभर घरोघरी जाऊन विचारलं, काल दिवसभरात काय काय केलं. जे घरकाम करतात त्यांच्यात बाईची दिवसाला २८९ मिनिटं, पुरुषाची ८८."

"८८?" माईंचा आवाज चढला. "कुणाच्या घरात?"

"अहो, जे पुरुष काहीतरी करतात त्यांचीच सरासरी आहे ही. जे काहीच करत नाहीत ते त्यात धरलेले नाहीत."

"असं म्हण की. मग अण्णा वगळले गेले."

"मी ऐकतोय," व्हरांड्यातून आवाज आला. "मी बँकेत जातो, बिलं भरतो."

"बिलं आता मोबाइलवर भरतात, आणि ती सुमनची लेक भरून देतीय," माई म्हणाल्या. पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

दीपकबद्दल मात्र मी इतकी निराश नाही. पोरगा वाईट नाही. बाळाला घेऊन संध्याकाळी फाटकाशी उभा असतो, अंगाई म्हणून सिनेमातली गाणी म्हणतो. पण त्याला कुणी सांगितलेलंच नाही की दुपारी दोन ते चार ही त्याची पाळी आहे. आम्ही एक्स्चेंजला होतो तेव्हा भिंतीवर पाळ्यांचा तक्ता असायचा. कुणाची सकाळ, कुणाची रात्र. नाव लिहिलेलं असलं की माणूस येतो. नाव नसलं की 'मला वाटलं ती करेल'. ऋतुजाला मी परवा तेवढंच म्हणाले, फ्रिजवर कागद चिकटव. तिनं चिकटवला. मालूताईंनी काढला, पाहुणे येणार होते म्हणून.

"पण दुपारचं काय करणार?" लक्ष्मीनं विचारलं. "त्यांची मीटिंग दुपारीच असते. सकाळी भांडी घासताना मी त्यांचं बोलणं ऐकते ना."

माई परात घेऊन आत निघाल्या होत्या. थांबल्या.

"मी बसते की. दोन ते पाच. मला दुपारची झोप येत नाही, आणि ते बाळ मला बघून हसतंय."

"माई, तुमचं वय?"

"बाळाला उचलून पळायचं नाहीये मला. खाली सतरंजी घालायची, समोर बसायचं, बोलत राहायचं. बोलायला मी दमते का कधी?"

यावर लक्ष्मी आणि मी एकाच वेळी 'नाही' म्हणालो.

"मालूताईंना चालेल का पण?" मी विचारलं. "शेजारीण येऊन बसली की त्यांना वाटायचं, गाव काय म्हणेल."

"चालवून घेतील. फुकट थोडंच करणार आहे मी? पैसे घेणार. फुकट केलं की किंमत नसते, तुझ्या पोराला भात भरवला त्याचं कुणी नाव काढतंय का?"

"मी काढते की!"

"तू काढतीस. त्या मॅगिनबाईंनी काढलं का?"

अण्णा आता पेपर खाली ठेवून कुंपणाशी आले होते. "तू नोकरी करणार? या वयात? आणि माझा चारचा चहा?"

"तो तुमच्या ८८ मिनिटांत बसवा."

लक्ष्मीनं मग हिशेब सुरू केला. किती घ्यायचे, रविवार सुट्टी धरायची का, दिवाळीला बोनस सांगायचा का. या बाबतीत तिच्याशी बोलणं म्हणजे युनियन ऑफिसात बसल्यासारखं आहे. माई एकेक मुद्दा बोटांवर मोजत होत्या.

"आणि हे बघा माई, कितीही गोड बोलले तरी पहिल्या दिवशी कागद करून घ्यायचा. आमच्या अम्माचं किती वर्षं कार्डावर नाव नव्हतं म्हणून पीएफ बुडला."

"पीएफ मिळेल का मला?"

"विचारून तर बघा," लक्ष्मी म्हणाली आणि आमच्या भांड्यांकडे वळली.